शेवटच्या पत्त्यांचे जतन

ज्या वस्तूचा तुटवडा असतो तिच्यासाठी कार्यालय काढावे लागते, आणि एकदा कार्यालय निघाले की तुटवडा जपावा लागतो. आमचे विभागीय पत्तावाटप मंडळ हे काम किती निष्ठेने करते ते बाहेर कुणाला ठाऊक नसते, म्हणून हा मजकूर.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. हे पत्ते ठरले तेव्हा जे विभाग जागे होते त्यांनी ते पोत्यांनी नेले. आमचा विभाग उशिरा उठला (चहा व्हायचा होता). वाट्याला खरवड आली. ती पुरवून वापरावी म्हणून आम्ही धोरण आखले: ज्याने आपल्याजवळचे ऐंशी टक्के पत्ते वापरले असतील त्यालाच नवे मिळतील. ज्याच्याकडे एकही नाही त्याला वापर सिद्ध करता येत नाही, म्हणजे त्याला गरजच नाही. या धोरणामुळे आमच्या विभागातले गरजूंचे प्रमाण झपाट्याने घटले आहे.

नियम आम्हालाही लागू आहे. आमचा वापर ऐंशी टक्क्यांखाली घसरू नये म्हणून आम्ही पंख्यांना, खुर्च्यांना, भिंतीवरच्या घड्याळाला आणि संचालकसाहेबांच्या माशाच्या पेटीला एकेक पत्ता दिला आहे. (मासा मागेच गेला. पत्ता चालू आहे.)

अशात एक डॉक्टरीणबाई आल्या. डोंगरापलीकडच्या वस्तीत त्यांचा दवाखाना. तिथे एक्स-रे काढता येतो, वाचायला मात्र शहरातल्या मोठ्या इस्पितळातले तज्ज्ञ लागतात. पूर्वी तो इंटरनेटवरून जात असे. पण अख्खी वस्ती मिळून एकच पत्ता वापरते, आणि त्यावरून कुणा उपद्व्यापी माणसाने फसवणुकीचे संदेश पाठवले. इस्पितळाच्या यंत्राने तो पत्ताच बंद करून टाकला. सुक्याबरोबर ओलेही जळते, त्याला यंत्र तरी काय करणार? आता एक्स-रे पाकिटात घालून बसच्या कंडक्टरच्या हाती द्यावा लागतो, आणि उत्तर येईपर्यंत पेशंट कण्हत बसतो. बाईंना फक्त दवाखान्यापुरता एक पत्ता हवा होता.

आम्ही त्यांना खुर्ची दिली (पत्त्यासकट नव्हे) आणि विचारले, आजवर किती पत्ते वापरलेत? एकही नाही, म्हणाल्या. खरे बोलून माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो तो असा.

बाईंनी पत्त्याची चिठ्ठी डकवलेल्या माशाच्या पेटीकडे पाहिले. "साहेब, हिचा पत्ता द्या ना. आत मासासुद्धा नाहीये."

समितीने जेवणाची सुट्टी आखडती घेऊन यावर विचार केला. मेलेल्याकडचे काढून जिवंताला देण्याचा पायंडा एकदा पडला, तर आमच्या निम्म्या सभासद संस्थांचे काही खरे नव्हते. मागणी फेटाळण्यात आली.

पण आम्ही काही दगड नाही. नव्या पद्धतीचेही पत्ते निघाले आहेत आणि ते संपता संपत नाहीत. (म्हणूनच कार्यालयात त्यांना कुणी विचारत नाही.) त्यातले आम्ही बाईंना इतके दिले की दवाखान्यातल्या प्रत्येक गोळीला एकेक वाटूनही उरावेत. बाईंचा चेहरा खुलला. मला खरोखर बरे वाटले.

इस्पितळाच्या यंत्राला मात्र नवे पत्ते ओळखता येईनात. सोय आहे, नुसते एक बटण दाबायचे आहे, असे तिथल्या तंत्रज्ञाने बाईंना समजावले. पण अजून कुणीच ते वापरत नाही, तो म्हणाला, मग आपण एकट्यानेच का पुढे व्हायचे? सगळे लागले की आम्हीही लागू. तेव्हा बाईंकडे आता अगणित पत्ते आहेत, आणि तोच कंडक्टर.

परवा एका म्हाताऱ्याच्या छातीचा एक्स-रे बसमध्येच राहिला आणि डेपोपर्यंत जाऊन आला. बाईंचा फोन आला. त्या ओरडल्या वगैरे नाहीत. "उत्तर आलं हो," म्हणाल्या, "पण आजोबा थांबले नाहीत." मंडळाने दुखवट्याचा ठराव केला. पेटीचा विषय पुन्हा निघाला नाही.

तुम्हाला आमचा राग आला असेल. येऊ द्या, सवय आहे. मात्र नव्या पत्त्यांचे ते बटण तुमच्या घरातल्या इंटरनेटच्या डब्यातही आहे. डबा बसवायला आलेल्या माणसाने विचारले होते, चालू करून देऊ का? तेव्हा तुम्ही जे म्हणालात, तेच आमच्या धोरणाचे पहिले कलम आहे:

"राहू दे. सगळे करतील तेव्हा करू."