मुळापासून निंदा

माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांची सुरुवात माझ्या 'हो' म्हणण्यापासून झाली आहे. (यात लग्नही धरलं होतं, पण ही हकिकत बायको आधी वाचणार असल्यामुळे ते खोडलं.) नीट विचार करून 'नाही' म्हणायला मला साधारण एक दिवस लागतो, आणि समोरचा माणूस तेवढा वेळ थांबत नाही.

सासरेबुवांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते आमच्याकडे राहायला आले. सासरे, म्हणजे आमचे बाबा, घड्याळं दुरुस्त करायचे. जन्मभर डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून काम केल्यामुळे असेल, पण त्यांचं बोलणं फार काटकसरीचं. सासूबाई गेल्यापासून तर तेही आटलं होतं. जीव काय तो एका मळ्यात. शहराच्या कडेला, जुन्या कालव्याला लागून हा मळा आहे आणि तिथे आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांना भाजी लावायला जमिनीचे छोटे छोटे तुकडे वर्षाच्या बोलीने देतात. त्यातला एक तुकडा बाबा आणि सासूबाई वर्षानुवर्षं मिळून करत आले होते.

मळ्याचा नियम एकच, पण कडक. थंडी सुरू झाली की तपासणी होते. तुकड्यात तण माजलेलं दिसलं तर तुकडा काढून घेतात आणि वाट बघणाऱ्यांपैकी पुढच्याला देतात. पुढचे होते एक दातांचे डॉक्टर. ते कित्येक वर्षं वाट बघत होते आणि दर तपासणीला स्वतःची कुदळ घेऊन हजर राहत.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. पावसाळा संपेपर्यंत बाबांनी जिना उतरायचा नाही, असं डॉक्टरांनी (गुडघ्यांच्या, दातांच्या नव्हे) बजावलं. त्या संध्याकाळी खिडकीबाहेर बघत बाबा म्हणाले, "मळाच गेला तर मी परत चालायला कशासाठी शिकू?"

बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिने उगाचच नळ सोडला. मला राहवेना. मी म्हणालो, "बाबा, मळा मी बघतो."

नळ बंद झाला. बायको बाहेर आली. तिचे डोळे ओले होते, पण त्यात कृतज्ञतेपेक्षा काळजी जास्त दिसत होती. आमच्या बाल्कनीत मी आजवर दोन धडधाकट निवडुंग मारले आहेत. निवडुंग मरतो हे नर्सरीवाल्याला माझ्यामुळे कळलं.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"हो, मीच. बाबा सांगतील तसं करीन. बोला बाबा, काय काय करायचं?"

"पाणी. दिवसाआड."

"बरं. आणि?"

"दर रविवारी निंदा."

"निंदा?"

"निंदा. लोक तिथेच आळस करतात. वरवर करून उपयोग नाही. मुळापासून निंदा."

"पण बाबा, रोपं अगदी लहान असतानासुद्धा?"

"तेव्हाच तर! एकदा डोक्यावर बसलं की मग आवरत नाही."

एवढं बोलून त्यांचा त्या आठवड्याचा साठा संपला.

आता तुम्ही हसाल. पण मी पाणीपट्टीच्या कचेरीतला कारकून. निंदा म्हटलं की मला जी माहीत होती ती कचेरीत दुपारच्या चहाबरोबर चालते ती. शिवाय रोपांना गाणी ऐकवली की ती जोमाने वाढतात, असं मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. गाण्याने वाढतात, तर बोलणी खाऊनही वाढत असतील. काही माणसंही अशीच असतात. (मी त्यातला नाही, पण साहेबांनी अजून प्रयत्न सोडलेला नाही.) बायकोने मळ्यात येऊन बघावं, तर ती औषधांच्या दुकानात कामाला, आणि तिची रविवारीच ड्युटी.

पहिल्या रविवारी मी टोमॅटोच्या रोपांसमोर उकिडवा बसलो. मला कुणाला टाकून बोलायची सवय नाही. घसा खाकरून मी म्हणालो, "हे बघा, गैरसमज करून घेऊ नका, पण तुमची प्रगती थोडी... म्हणजे अजून वाव आहे." टोमॅटोंवर काही परिणाम झाला नाही. वांग्यांनी तर माझ्याकडे बघितलंही नाही.

मग मला युक्ती सुचली. साहेब आठवडाभर मला जे जे बोलायचे, ते मी लक्षात ठेवायला लागलो आणि रविवारी तेच सगळं मळ्यात ओतायला लागलो.

"तुमचं काम अजिबात समाधानकारक नाही! तुमच्या मागून आलेल्या मिरच्या कुठल्या कुठे गेल्या! पाणी वेळेवर मिळतं ना? खत मिळतं ना? मग फळाच्या नावाने शिमगा का?"

काय सांगू, इतकं मोकळं वाटायचं! अख्ख्या नोकरीत मला एकही हाताखालचा माणूस मिळाला नव्हता. इथे एकदम दोनशे रोपं हाताखाली आली, आणि उलटून बोलणारं एकही नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस तर मी रविवारची वाट बघायला लागलो.

आणि गुण आला हो! मधून पाऊस झाला आणि तुकडा नुसता हिरवागार. मला टोमॅटो ओळखू येतो तो लाल झाल्यावर. त्याआधी सगळं हिरवं मला सारखंच. त्यामुळे जे जे उगवलं ते आपलं, असं मी धरून चाललो. घरी येऊन बाबांना सांगायचो.

"बाबा, कंबरेपर्यंत आलंय!"

"कंबरेपर्यंत?" बाबांच्या भुवया वर जायच्या. "निंदताय ना?"

"म्हणजे काय! बघा, घसा बसलाय."

"घसा? गुडघे दुखायला हवेत."

"तेही दुखतात. बसूनच करतो ना मी."

"हां. बसूनच निंदायचं," बाबा समाधानाने म्हणायचे आणि जिन्याच्या दिशेने चार पावलं जास्त टाकायचे. ती जास्तीची पावलं बघून मला वाटायचं, पुढच्या रविवारी आवाज अजून चढवावा.

आमच्या शेजारचा तुकडा एका बेकरीवाल्यांचा. गृहस्थ अंगाने ऐसपैस आणि स्वभावाने लोण्यासारखे. मध्ये घेवड्याच्या वेलांचं दाट कुंपण, त्यामुळे आम्ही एकमेकांना क्वचित दिसायचो. एका रविवारी मी भोपळ्याला धारेवर धरलं होतं.

"खायचं, प्यायचं आणि पसरायचं! एवढंच येतं तुला! सगळा मळा व्यापलास, पण आजवर कुणाला काही दिलंस का?"

पुढच्या रविवारी बेकरीवाले कुंपणाला वळसा घालून आले आणि त्यांनी खाली मान घालून माझ्या हातात गरम पावांची पिशवी दिली. मी म्हटलं, काय दिलदार शेजारी! त्यानंतर दर रविवारी पाव येऊ लागले. मी ते खाऊन, तोंड पुसून पुन्हा कामाला लागायचो. "अजून तसाच! काडीचा फरक नाही! लाज कशी वाटत नाही?" बेकरीवाले हळूहळू वाळत चालले होते. सकाळी कालव्याकाठी धावताना दिसायचे. मला वाटलं, धंद्याची काही चिंता असेल. मी त्यांना तब्येतीला जपायलाही सांगितलं. ते तडक निघून गेले.

अशी थंडी आली आणि तपासणीचा दिवस उजाडला. बाबांना जिना उतरायची परवानगी मिळाली होती. बायकोने रजा काढली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, काठी घेतली, आणि आम्ही टॅक्सीने मळ्यावर गेलो. बाबा वाटेत एकदाच बोलले. "तिला वांगी आवडायची," ते म्हणाले, आणि बायकोने त्यांचा हात धरला.

तुकड्यापाशी मंडळी जमलीच होती. मळ्याच्या सेक्रेटरीबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. कुदळ खांद्यावर घेतलेले दातांचे डॉक्टर. आणि बरेच बारीक झालेले बेकरीवाले.

बाबा तुकड्यासमोर उभे राहिले. मी अभिमानाने हात पसरून दाखवला. कंबरेपर्यंत म्हणालो होतो, ते आता छातीपर्यंत आलं होतं.

फक्त दातांचे डॉक्टर हसले. (दात खरोखर सुंदर होते.)

"जावईबुवा," बाबा हळूच म्हणाले, "हे सगळं तण आहे."

"तण?"

"तुम्ही निंदत होतात ना?"

"दर रविवारी, बाबा! अगदी मुळापासून! विचारा हवं तर बेकरीवाल्यांना!"

"विचाराच!" बेकरीवाल्यांना कंठ फुटला. "बाई, माझी तक्रारच आहे. हे गृहस्थ दर रविवारी मला वाटेल ते बोलतात. खायचं, प्यायचं आणि पसरायचं, असं म्हणाले. मी पाव दिले, ते खाल्ले आणि वर म्हणाले, काडीचा फरक नाही! मी पळून पळून अर्धा झालो हो!"

"अहो, ते तुम्हाला नव्हतं! भोपळ्याला होतं!"

"भोपळ्याला?"

"बाबांनीच सांगितलं होतं, दर रविवारी निंदा! मी टोमॅटोची केली, वांग्यांची केली, मुळ्याची तर त्याच्या तोंडावर केली!"

सेक्रेटरीबाईंनी चष्मा काढला. शिकवताना काढत असाव्यात तसा.

"निंदणं," त्या एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "म्हणजे पिकातलं तण काढणं. निंदणी ऐकली नाहीत कधी? तुम्ही क्रियापदाचं नाम केलंत."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. पण तिथे मुळांची इतकी गर्दी होती की तिला दुभंगणंही शक्य नव्हतं. बाबांनी आपलं एवढं एकच सुख माझ्या हाती दिलं होतं, आणि मी साहेबांची भाषणं करत बसलो. मला खरोखर रडू यायला लागलं.

तेवढ्यात एक चमत्कारिक आवाज आला. बाबांचे खांदे हलत होते. मला वाटलं, धक्का बसला. पण बाबा हसत होते. "मुळ्याची... तोंडावर!" असं म्हणत ते काठीसकट बांधावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सासूबाई गेल्यानंतर बाबा हसलेले आम्ही पाहिले नव्हते. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती माझ्याकडे बघून जे हसली, तेवढ्यासाठी मी पुन्हा एकदा मूर्ख ठरायला तयार आहे. (संधी मिळतातच.)

"पण नियम म्हणजे नियम," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"अर्थात," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "मात्र तपासणी आज अंधार पडेपर्यंत चालते. हा तुकडा मी सगळ्यात शेवटी बघेन." आणि त्या मागे न बघता चालू लागल्या.

आम्ही तण उपटायला लागलो. बायकोने पदर खोचला. आपण भोपळा नाही हे कळल्यावर बेकरीवाल्यांच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं. बाबा बांधावर बसून काठीने दाखवत होते. मी उत्साहाने वरचे शेंडे ओढत होतो. ते तटातट तुटत होते.

"अहो, असं नाही, असं नाही!" दातांचे डॉक्टर ओरडले. "मूळ आत राहतंय! पुन्हा त्रास होईल!"

मी आणखी एक तोडलं. त्यांना ते बघवेना. त्यांनी कुदळ टाकली, बाह्या सरसावल्या आणि माझ्या हातातलं तण काढून घेतलं. "आधी सैल करायचं. मग डावीकडे, उजवीकडे... आणि असं!" संबंध मूळ बाहेर आलं. मग त्यांना थांबवणं कुणाच्याच हातात राहिलं नाही. एकेक मूळ काढून ते उन्हात धरून बघत आणि समाधानाने बाजूला ठेवत. एकदा तर "दुखलं का?" असंही म्हणाले. अर्धा तुकडा त्यांनी एकट्याने साफ केला.

अंधार पडता पडता बाई आल्या. सगळ्या तुकड्यात एकही तण उरलं नव्हतं. "उत्तम," बाई म्हणाल्या. "तुकडा यांच्याकडेच राहील." तेव्हा कुठे डॉक्टरांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. मातीने भरलेले हात घेऊन ते तसेच उभे राहिले.

बाबा काठी टेकत उठले. "डॉक्टर," ते म्हणाले, "माझ्या गुडघ्याला आता एवढं झेपायचं नाही. अर्ध्यात तुम्ही लावा. वांगी मात्र माझी." डॉक्टरांनी त्यांचा हात इतक्या जोरात दाबला की काठी पडली.

"आणि जावई?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं. "त्यांना मळ्यात येऊ द्यायचं का?"

बाबांनी तणातून मोकळ्या झालेल्या टोमॅटोंकडे बघितलं. होते थोडेच, पण लालबुंद होते. त्यांनी एकेक टोमॅटो फिरवून बघितला, भिंग लावून बघावा तसा.

"येऊ द्या," ते म्हणाले. "दर रविवारी."

पुढच्या रविवारी निघताना बाबांनी आपल्या हाताने मला एक जुनी गवती टोपी आणि चौकड्यांचा शर्ट दिला. "ऊन असतं. हे घालून उभे राहा. बोलायचं ते बोला." त्या पहिल्या संध्याकाळनंतर एका दमात तीन वाक्यं त्यांनी मला दिली नव्हती. मला भरून आलं. मी टोपी घातली, शर्ट चढवला आणि आरशासमोर उभा राहिलो.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "बाबांनी मला मुलासारखं मानलं. स्वतःचा शर्ट दिला."

बायकोने बाहीला चिकटलेलं गवत झटकलं.

"अहो, हा बाबांचा नाही, मळ्यातल्या बुजगावण्याचा आहे. या वर्षी तुमच्या ओरडण्याने एकही टोमॅटो पाखरांनी टोचला नाही. बाबा म्हणाले, आता त्याचं तिथे काही काम उरलं नाही."