सारवलेल्या बिळाचा विमा

एका जंगलात, जिथे हल्ली वाघालाही शिकारीआधी परवानगी काढावी लागते, तिथे चांगुणा नावाची साळिंदरीण राहायची. बाळांनो, अंगभर काटे म्हणून ती तिखट असेल असं समजू नका. स्वभावाने अगदी लोणी. दाराशी मुंगी आली तरी तिला काही खाल्ल्याशिवाय जाऊ द्यायची नाही.

तिला दोन पिल्लं होती. त्यांच्यासाठी तिने टेकडीच्या पोटात छानसं बीळ खणलं होतं आणि त्या बिळाचा विमा उतरवला होता. कुणाकडे? तळ्याकाठच्या बगळेसाहेबांकडे. पांढरेशुभ्र कपडे, मिटलेले डोळे, हळू आवाज. अशा साधुपुरुषावर कोण विश्वास ठेवणार नाही? वारा, पाणी आणि हत्ती, तिन्हींची काळजी आमच्यावर सोडा, असं ते म्हणाले होते. चांगुणा दर पौर्णिमेला त्यांना गोड कंद नेऊन द्यायची. बगळे कंद खात नाहीत हे खरं, पण हप्ता कुणी परत करतं का?

आणि एके दिवशी हत्ती आला. तो बिचारा आपल्या वाटेने चालला होता. खाली कुणाचं घर आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. पाय पडला आणि अख्खं छप्पर खाली आलं. पिल्लं बाहेर खेळत होती म्हणून वाचली.

थंडी तोंडावर आलेली. शेजारच्या शेवंता सशिणीने पिल्लांना आपल्याकडे ठेवून घेतलं. पण तिचीच पोरं एवढी, की पाय पसरायला जागा नाही. त्यात साळिंदराची पिल्लं कुशीत घ्यायची म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

चांगुणा धावत तळ्यावर गेली. बगळेसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे न उघडता हळहळ व्यक्त केली. आमचा माणूस पडझड बघायला घरी येईल, त्याने बघितलं की छप्पर आम्ही बांधून देऊ, असं ते म्हणाले.

आता घोटाळा झाला तो इथेच. चांगुणाच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. कुणीतरी घरी येणार!

परका मनुष्य पहिल्यांदा दारी येणार, आणि त्याला काय मातीच्या ढिगावर बसवायचं? शेवंताने समजावलं, अगं, त्याला ढीगच तर बघायचाय. चांगुणाला ते पटलं. खरंच पटलं. पण हात ऐकेनात. आधी तिने माती नुसती बाजूला सारली. मग ती तिथे वाईट दिसते म्हणून बाहेर टाकली. मग डोक्यावर उघडं आभाळ बरं दिसेना, म्हणून वर फांद्या टाकून पळसाची पानं पसरली. भेगा लिंपल्या. जमीन सारवली. आणि सारवल्यावर रांगोळी नको? काढली. हसू नका. तुमच्या घरी पाहुणे यायच्या आधी तुमची आई काय करते, ते आठवा.

पाहणीला आले कासवेसाहेब. स्वतःचं घर पाठीवर घेऊन फिरणारा मनुष्य. छप्पर पडणं म्हणजे काय, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? ते सावकाश आले, पाय पुसून आत शिरले. चांगुणाने कंदाची खीर पुढे केली. त्यांनी ती मागून मागून खाल्ली आणि मान लांब करून चारी बाजूंना पाहिलं.

"ताई, पडलंय कुठे?"

"सगळंच पडलं होतं हो," चांगुणा म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून जरासं आवरलं."

कासवेसाहेबांना मनापासून वाईट वाटलं. पण जे पाहिलं तेच त्यांनी जाऊन सांगितलं. घर टापटीप आहे, खीर उत्तम होती. झालं. दावा नामंजूर.

चांगुणा तळ्यावर जाऊन रडली. नुकसान डोळ्यांना दिसायला हवं, बगळेसाहेब डोळे मिटूनच म्हणाले. मग तिने घरी येऊन पानं ओढली, फांद्या उपसल्या, माती परत आत लोटली आणि कासवेसाहेबांना पुन्हा बोलावलं. त्यांनी विचारलं, हे कुणी पाडलं? चांगुणाला खोटं बोलता येत नव्हतं. आपलं घर आपणच पाडणाऱ्याला आमच्याकडे भरपाई नाही, असं सांगून ते गेले. जाताना खीर मात्र घेतली.

तिकडे शेवंताच्या बिळात जागा नसल्याने दाराशीच निजणारी पिल्लं रात्रभर कुडकुडायला लागली होती. शेवटी शेवंताने गोतावळ्यातले सगळे ससे गोळा केले. खणण्यात त्यांचा हात कोण धरणार! हत्तीच्या कानावर गेलं, तेव्हा तोही ओशाळून आला आणि सागाचा एक जाडजूड ओंडका छपरावर आडवा ठेवून गेला. कडाका पडायच्या आत पिल्लं आपल्या घरी आली आणि पाय पसरून झोपली. चांगुणा त्यांच्याकडे बघत बसली. तिला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत बगळेसाहेब स्वतः दाराशी आले. घर आता चांगलंच भक्कम झालंय, तेव्हा हप्ता थोडा वाढेल, असं म्हणत ते आत यायला निघाले.

चांगुणा दारातून हलली नाही.

"काय असेल ते उभ्यानेच बोला," ती म्हणाली.

बगळेसाहेबांनी पंख झटकले. ते निघून गेले. विमा सुटला, त्याचं चांगुणाला काहीच वाटलं नाही. पण दारी आलेल्याला आपण 'या, बसा' म्हटलं नाही, म्हणून ती दिवसभर जेवली नाही.

तात्पर्य : घर नेहमी झाडून-सारवून ठेवावं, असं थोर मंडळी सांगतात. थोर मंडळींचं छप्पर बहुधा पडलेलं नसतं. तुमचं पडलं, तर पाहणीचा पाहुणा येऊन जाईपर्यंत केरसुणी शेजाऱ्यांकडे ठेवायला द्या.