पोटॅशची बदली

शनिवारी दुपारी हायस्कूलच्या भिंतीवर आवर्तसारणी अर्धीच रंगली होती, आणि सुकदेव सरांची जळगावची एस.टी. सुटायला वीस मिनिटं उरली होती. सर एकदा भिंतीकडे बघत, एकदा घड्याळाकडे. सोमवारी अकराला संस्थेचे सेक्रेटरी जीवरामअण्णा या भिंतीचं उद्घाटन करायला पहूरला येणार होते. अशा वेळी भिंत सोडून जाणं शहाणपणाचं नव्हतं. पण तिकडे दोंडाईच्याला प्रमिलाबाई वाट बघत होत्या, आणि पंधरा दिवसांनी हाती लागलेला शनिवार सोडण्याइतके सर शहाणे नव्हते.

लग्नाला सात वर्षं झाली होती. त्यातली सहा दोघांनी दोन गावांत, दोन स्टोव्हवर, एकेका माणसाचा स्वयंपाक करण्यात घालवली होती. दोघंही एकाच संस्थेत शिक्षक; सर पहूरच्या शाळेत, बाई दोंडाईच्याच्या. दर उन्हाळ्यात सर दोंडाईच्याला बदली मागत आणि दर पावसाळ्यात ‘जागा रिकामी नाही’ असं उत्तर येई. एकट्या माणसाला वरणाचा अंदाज कधीच येत नाही. रोज उरलेल्या वरणाकडे बघून सरांना बायकोची आठवण येई आणि मग ते वरणही खाववत नसे.

“अण्णा खुशीत आले की बदलीचं काढा,” मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलं होतं. “भिंत आवडली पाहिजे मात्र.”

म्हणून सरांनी पेंटर झुलालच्या हाती कागद दिला. “यात जगातली सगळी मूलद्रव्यं आहेत. ज्याची त्याची जागा ठरलेली. कागदाबरहुकूम लिही, आणि वर मध्ये मोकळं सोडलंय तिथं काही करू नकोस.”

“तुम्ही बिनघोर जा, सर,” झुलाल म्हणाला. तो आजवर केळीचे ट्रक रंगवत आला होता, आणि ट्रकच्या पाठीवर त्यानं कधी वीतभर जागा मोकळी सोडली नव्हती.

दोंडाईच्याला प्रमिलाबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत केलं होतं. जेवताना सर भिंतीबद्दलच बोलत राहिले. “पोटॅशियमचं बघ. त्याला एकटं राहणं जमतच नाही. उघड्यावर ठेवलं तर पेट घेतं. म्हणून रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात.”

“मग मला कशात बुडवून ठेवलंय?”

“वह्या तपासण्यात,” सर म्हणाले. दोघं हसली. भांडी घासताना बाई म्हणाल्या, “यंदा मीच काहीतरी करणार आहे.” सरांना वाटलं, ही सोळा सोमवार धरणार. त्यांनी विचारलं नाही.

सोमवारी साडेदहाला सर एस.टी.तून उतरले ते धावतच शाळेत आले. भिंत पूर्ण झाली होती, आणि वरच्या मोकळ्या जागेत केळीचा हिरवागार घड लटकत होता.

“झुलाल! हे काय?”

“सर, बठ्ठी भिंत भरेल, अन् मझार इतली जागा खाली. लोके म्हनतीन, झुलालना रंग सरी गया.”

रंग संपला म्हणतील या भीतीनं काढलेला तो घड बघून सर कपाळाला हात लावणार, तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली आणि हात तिथंच राहिला. नायट्रोजन जागेवर होता. त्याच्याखाली फॉस्फरस होता. पण फॉस्फरसच्या खाली आर्सेनिक असायला हवं, तिथं पोटॅशियम बसलं होतं. आणि पोटॅशियमच्या घरात, त्याच ओळीच्या पार डाव्या टोकाला, आर्सेनिक.

“हे कोणी सांगितलं तुला?”

“मी सांगतलं भो,” मागून आवाज आला. शालिग्रामआबा धोतराचा सोगा सावरत उभे होते. सत्तर एकर केळीचे मालक; भिंतीचा रंग त्यांनीच दिला होता. “परवा तुम्हीच दाखोलं ना, हे नत्र, हे स्फुरद. एकाखाली एक, चांगलं. अन् पोटॅश कुठं? तं पार त्या टोकाले! त्याच्या जागेवर कोण? तं आर्सेनिक. इष! मास्तर, खताच्या मांडीले मांडी लावून इष बसवता अन् पोटॅशले वनवास?”

“आबा, निसर्गाचा नियम आहे तो!”

“माह्या केयीले इचारा नियम. तिघं एका पोत्यात येतात तवा घड धरतो. मी कई पाह्यलं नई त्याइले वेगळं.”

“पण मग आर्सेनिक तिकडं कशाला?”

“एकाले उचललं तं दुसऱ्याले जागा द्या लागते ना. झुलालनं निस्ती अदलाबदल केली.”

सर रंगाचा डबा शोधू लागले, तोच फाटकात जीप थांबली.

जीवरामअण्णांनी भिंत वरून खाली वाचायला घेतली. घडापाशी ते थबकले. “वा! शास्त्र असं मातीला जोडलं पाहिजे,” ते म्हणाले. मुख्याध्यापकांनी सुटकेचा श्वास घेतला. सरांनी श्वास अजून धरून ठेवला होता, कारण अण्णा इंटर सायन्सपर्यंत शिकले होते.

“हे पोटॅशियम इथं कसं?”

सर म्हणाले, “अं.” सहा वर्षांचे अर्ज, सहा पावसाळे, सगळं त्या एका चौकोनात बुडालेलं त्यांना दिसलं. मग आबाच पुढं झाले आणि खताची सगळी कहाणी त्यांनी नव्यानं सांगितली. शेवटी म्हणाले, “अन् या मास्तरचंही तसंच आहे, अण्णा. हा इथं, बायको दोंडाईच्याले. तुमच्याच एका ओळीतले, पन दोन टोकाले. सहा वर्सं झाले. याचा घड कसा धरन?”

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अण्णा मात्र खो खो हसत सुटले. “पटलं बुवा! सर, अर्ज आहे ना तुमचा? करून टाकू. फक्त तिकडून इकडं यायला कोणीतरी राजी पाहिजे. जागा रिकामी ठेवता येत नाही मला.”

“असेल की कोणी ना कोणी,” सर घाईघाईनं म्हणाले.

बाराव्या दिवशी ऑर्डर आली. सुकदेव सर, दोंडाईचा, त्वरित रुजू व्हावे. सरांनी ती तीनदा वाचली आणि शाळेभर पेढे वाटले. पत्र मुद्दाम लिहिलं नाही. दार उघडताना तिचा चेहरा त्यांना बघायचा होता. आबांनी केळीचा एक घड बरोबर दिला. एका हातात ट्रंक, खांद्यावर घड, अशा थाटात सर जळगाव स्टेशनवर सुरतकडच्या गाडीची वाट बघत उभे राहिले.

आधी दोंडाईच्याकडून येणारी पॅसेंजर लागली. बायकांच्या डब्यातून एक ट्रंक बाहेर आली. मग एक ओळखीचा स्टोव्ह. मग प्रमिलाबाई.

“अगोबाई! तुम्हाला कसं कळलं? मी तर तिथं येऊन चकित करणार होते!”

“तिथं म्हणजे?”

“पहूरला. माझी बदली झाली ना!”

सरांनी खांद्यावरचा घड हळूच खाली ठेवला. “माझी पण.”

दोघांनी एकमेकांच्या ऑर्डरी वाचल्या. शब्दन् शब्द सारखा, फक्त गावं उलटी. विषय: आपसी बदली. दोन्ही अर्ज एकमेकांच्या सोयीचे असल्याने दोघांचीही विनंती पूर्णपणे मान्य करण्यात येत आहे.

“तू अर्ज कधी केलास?”

“म्हटलं नव्हतं का, यंदा मीच काहीतरी करते?”

“मला वाटलं, सोळा सोमवार.”

प्रमिलाबाई हसायला लागल्या, त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि पाणी आल्यावर हसू थांबलं तरी पाणी थांबेना. सरांनी एक केळं सोलून त्यांच्या हातात दिलं. दुसरं काय द्यावं, त्यांना सुचलं नाही. सुरतकडची गाडी यायला पाऊण तास होता. तो त्यांनी दोन ट्रंका जवळ ओढून, त्यांवर बसून काढला.

दोघांनी अण्णांना अर्ज केले. दोघांचंही मागितलं तेच दिलं आहे, आता तीन वर्षं बदली नाही, असं उत्तर आलं. दोंडाईच्याला सर तिच्याच खोलीत राहू लागले. तिच्या खिळ्याला त्यांचा शर्ट लटकू लागला. वरण रोज उरतच होतं. आठ दिवसांनी पहूरहून प्रमिलाबाईंचं पत्र आलं.

‘तुमच्या खोलीत सगळं ठीक आहे. मुख्याध्यापकांनी काल झुलालला पोटॅशियम जागेवर न्यायला पाठवलं होतं. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मुलांना सांगते, पेपरात पुस्तकाप्रमाणंच लिहा; पण भिंतीवर पोटॅशियम आपल्या माणसांत राहू दे. त्यानं कुठं अर्ज केला नव्हता, म्हणूनच त्याचं काम झालं असावं.’