फुकट प्रोग्रॅमचे तांबोळी

लिफ्ट बंद आहे असं तांबोळींना सांगितलं, की ते म्हणणार, "करून दाखवा." मग सांगणाऱ्याने त्यांच्यासमक्ष बटण दाबायचं आणि लिफ्ट येत नाही हे सिद्ध करायचं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे चेअरमनसुद्धा यातून सुटलेले नाहीत. मला ताप आला तेव्हा गृहस्थ समाचाराला आले ते थर्मामीटर घेऊन. आकडा पाहिल्यावरच म्हणाले, "हां. आता काळजी घ्या."

ही खोड त्यांना त्यांच्या प्रोग्रॅमने लावली; त्यातली चूक डोळ्यांसमोर घडल्याशिवाय दुरुस्त करता येत नाही. दाबून लहान केलेल्या फायली उघडणारा हा प्रोग्रॅम ते नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं चालवतात आणि जगाला फुकट देतात. त्याचं आतलं सगळं कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्त करावं. आमची कंपनी त्यावरच चालते; कंपनीला ते माहीत नव्हतं, एवढंच.

त्यात मला भोक सापडलं. सापडलं म्हणजे, मी एक फाईल चुकीची बनवली आणि ती उघडताच भलत्याच फोल्डरमध्ये घुसून तिथलं पुसून आली. माझ्या आयुष्यातला पहिलाच शोध. प्रोग्रॅमच्या जाहीर पानावर मी तो नावासकट, फोटोसकट आणि एखाद्या पाककृतीसारखा साग्रसंगीत कृतीसकट टाकला.

तांबोळी अनवाणीच जिना उतरून आले.

"अहो, एखाद्याच्या दाराला कडी नाही हे घरमालकाला सांगायचं, की मंडईत उभं राहून ओरडायचं?"

आधी गुपचूप कळवायचं, दुरुस्ती होईपर्यंत सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं आणि मगच जाहीर करायचं, अशी या मंडळींची रीत. मी म्हणालो, पण करून दाखवलं ना? त्यावर त्यांनी असं पाहिलं, की मी निमूट त्यांच्यामागे वर गेलो. आता चोर पोचण्याआधी दुरुस्ती पोचवायची होती.

रविवारची सकाळ. त्या पानावर जग लोटलं. परदेशातल्या कुणी न बोलता तपासणीसाठी फायली पाठवल्या, आणखी कुणी तांबोळींच्या दुरुस्तीतलीच चूक दाखवली. या माणसांचं तोंडही त्यांनी कधी पाहिलेलं नाही. पण बाकीचे! ज्यांनी आजवर साधी पोच दिली नव्हती, त्या कंपन्या विचारत होत्या, जबाबदार कोण, संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा द्या. हातभार शून्य आणि तोरा जावयाचा. तेवढ्यात माझ्या साहेबांचा फोन : फुकटचं वापरलं की हे असंच होतं. मग वापरलंत कशाला? ज्याचं खाताय त्यालाच नावं ठेवायला लाज नाही वाटत? असं मी साहेबांना चांगलं खडसावलं. फोन ठेवल्यावर.

भोक होतं एका जुनाट प्रकारच्या फायली उघडणाऱ्या भागात. तो प्रकार आता वापरतं कोण? तो भागच उडवा, असं सगळ्यांचं म्हणणं. पाच मिनिटांचं काम. तांबोळी ऐकेनात. दुपार झाली, जेवण राहिलं, तरी ते दुरुस्तच करत बसले. आता मीही भडकलो. शिव्या मला बसत होत्या, धोका जगाला होता आणि हा माणूस अडगळ जपत होता. तसं मी त्यांना बोललोही.

दुरुस्ती बाहेर पडली तेव्हा उन्हं कलली होती. पान एकदम शांत झालं. आभार मानायला कुणी थांबलं नाही. मी विचारलं, कुणासाठी हा अट्टाहास?

तांबोळी चष्मा पुसत राहिले. "एक बाई आहेत. कुठल्या देशातल्या, माहीत नाही. त्यांच्या भावाचे फोटो त्या जुन्या प्रकारात आहेत. भाऊ गेला. अधूनमधून उघडून बघतात म्हणे."

"त्यांची तक्रार आली होती?"

"छे. मोडलं की सगळेच येतात. फोटो नीट उघडले, असं त्यांनी कळवलं," ते म्हणाले. "आजवर त्या एकट्याच."