सोळा हात आणि एक गहाळ फाइल

"दहा मिनिटं! कॉफी निवायच्या आत दुरुस्त करतो!" सर्बियातल्या निश शहरातल्या ऑफिसात वुकाशिनने सकाळीच जाहीर केलं.

त्याला घाई होती. चार वाजता सासुरवाडीला गावच्या राकियाच्या, म्हणजे फळांच्या दारूच्या, भट्टीवर सासऱ्यांची पाळी होती. पाळी वर्षातून एकदाच! ती हुकली की आलुबुखाराच्या आंबवलेल्या लगद्याचं मातेरं ठरलेलं. लगद्याची दोन पिंपं गाडीमागच्या ट्रेलरवर लादून तो थेट ऑफिसला आला होता.

"मेल्या, काय वास हा!" शेजारच्या टेबलावरची नेवेना नाक दाबून ओरडली. "तो ट्रेलर आधी मागच्या अंगणात नेऊन सोड!"

ट्रेलर गाडीपासून सोडवून त्याने अंगणात ठेवला आणि तो कामाला भिडला. बसच्या तिकीट-यंत्रांचा प्रोग्राम दुपारी द्यायचा होता. ऑफिसचं मोठं मशीन बिल्ड करताना, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे जोडून तो तयार करताना, सोळा कामं एकदम हाती घ्यायचं आणि मध्येच गळा काढायचं, "तिकीटदरांची फाइल सापडत नाही!"

"माझ्या मशीनवर तर आहे!"

"तुझ्याकडे गेल्या महिन्यातली शिळी पडलीय," नेवेना म्हणाली.

त्याने पुन्हा चालवलं. झालं! "बघितलंस?" अजून एकदा चालवलं. बोंबललं!

"एकेक काम करू दे ना मशीनला."

"पाच तास लागतील! लगदा थांबणारे का तोवर?"

वुकाशिन इरेला पेटला. जेवण सोडलं, बॉसचे तीन फोन सोडले, पण बिल्ड सोडलं नाही. अखेर चोर सापडला. ती फाइल आयती नव्हतीच. बिल्ड चालू असताना एक छोटा प्रोग्राम ती तयार करायचा, आणि बाकीचे गडी कणीक मळायच्या आधीच लाटायला बसायचे! थांबा, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने 'आधी ही फाइल, मग बाकीची कामं' अशी एक ओळ लिहिली. जुनी फाइल पुसून दहा वेळा चालवलं. दहाही वेळा पास!

"लक्षात ठेव, नेवेना," कोट चढवत तो म्हणाला, "कशाआधी काय हवं, ते लिहून ठेवावं! डोक्यात ठेवतो तो गाढव!"

गाडी त्या दिवशी काय पळाली! चाराला पाच कमी असताना तो भट्टीवर हजर.

"शाब्बास, जावईबापू!" सासरे रादोयको खूश झाले. "जाळ पेटलाय, पाणी भरलंय, डुक्कर भाजून झालंय. चला, पिंपं उतरवा!"

ते गाडीच्या मागे गेले आणि ट्रेलरचा रिकामा हूक हलवून बघू लागले.

वुकाशिनने घाम पुसत फोन लावला. "नेवेना, मागच्या अंगणात..."

"आहे ना! इथवर वास येतोय," ती म्हणाली. "लिहून नव्हतं का ठेवलंस?"

पाळी शेजाऱ्याला गेली. जावईबापू संध्याकाळपर्यंत त्याच्या लगद्यासाठी भट्टीखाली लाकडं सारत बसले.