सशाच्या पाठीमागची रांग

“श्वास सोड,” शिंपी म्हणाला.

“सोडलाय की, भाऊजी.”

“मग आणखी सोड.”

नव्या मनोरंजन उद्यानात ज्या खोलीत कामगार प्राण्यांची सोंगे चढवितात, त्या खोलीत सकाळी दहाच्या सुमारास हा संवाद चालला होता. शिंपी ज्याच्या पोटावरची चेन वर ओढीत होता, तो त्याचा धाकटा मेहुणा होय. आणि मेहुण्याला ज्यात कोंबण्यात येत होते, तो चार हात उंचीचा पांढरा, केसाळ ससा होय. मेहुण्याला येथे सशाची नोकरी लागली त्याच दिवशी शिंप्याने त्याचे माप घेतले होते. परंतु त्या नोकरीच्या आनंदात थोरल्या बहिणीने, म्हणजे शिंप्याच्या पत्नीने, त्याला महिनाभर रोज घरी जेवावयास बोलाविले आणि प्रत्येक जेवणात चार घास आग्रहाचे वाढले. मनुष्य वाढतो, कापड वाढत नाही, हे शिवणकामातील आद्य सत्य आहे. बहिणीला ते ठाऊक होते. तथापि भावापुढे ताट असताना कोणत्या बहिणीस सत्य आठवते?

“बसला एकदाचा!” चेन गळ्यापाशी पोहोचताच शिंपी कपाळावरचा घाम पुशीत म्हणाला. “आता वाकू नकोस. बसू नकोस. शिंकूही नकोस.”

“आणि हसू?”

“आतल्या आत.”

तो पूर्वदर्शनाचा दिवस होता. उद्घाटनास आठ दिवस अवकाश होता. तत्पूर्वी पाळणे, घसरगुंड्या आणि गर्दीची व्यवस्था यांची परीक्षा व्हावी, या हेतूने कामगारांच्या कुटुंबीयांस मोफत बोलाविले होते. प्रत्येकास चार पास दिले होते. मोफत वस्तूचे माहात्म्य असे की, चार पासांवर चौदा नातलग आत आले होते. बारा वाजता मालकीणबाई स्वतः पाहणीस येणार होत्या. ससा त्यांच्या पसंतीस उतरला तर अस्वल, वाघ, हत्ती धरून आणखी अकरा प्राणी शिंप्याकडेच शिवावयास येणार होते. ज्या दुकानात अलीकडे लोक केवळ पँटीची लांबी कमी करून घेण्यासाठी येत, त्या दुकानास हे वर्षभराचे काम होते. शिंप्याला रात्रभर झोप आली नव्हती.

मॅनेजरने सशाला नियम पुन्हा बजाविले. “बोलायचं नाही. मुंडकं काढायचं नाही. मुलांना पाठ दाखवून पळायचं नाही. काही झालं तरी ससा हा ससाच राहिला पाहिजे. कळलं?”

मुंडके चढल्यावर मेहुण्यास काहीच ऐकू येत नसे. त्याने अंदाजाने मान हलविली.

ससा कारंज्यापाशी उभा राहिला, मुले धावत आली, आणि पहिला अर्धा तास सर्व यथास्थित पार पडले. शिंपी आणि त्याची पत्नी, जिला उद्यानातील झाडूवाल्यापासून सर्वजण एव्हाना काकू म्हणू लागले होते, जवळच्या बाकावर बसून कौतुकाने पाहत होती. इतक्यात एका चिमुरडीने सशाच्या पायाशी आपला फुगा पाडला, आणि सशाने जे करू नये म्हणून बजाविले होते तेच केले. तो वाकला.

आवाज फार मोठा झाला नाही. परंतु आई जशी शेजारच्या खोलीतून आपले मूल ओळखते, तसा शिंपी आपला टाका ओळखतो.

“उसवली,” तो बाकावरून उठत म्हणाला. “पाठीची शिवण, शेपटीच्या वर. वीतभर.”

काकूंनी डोळे बारीक केले. “अगं बाई! आतला पायजमा दिसतोय. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा.”

“तरी म्हणत होतो, पायजमा कशाला घालून आला हा?”

“मीच म्हटलं घाल म्हणून. केस टोचतील त्याला.”

शिंप्याने खिशातून सुईदोरा काढला. त्याचा विचार सरळ होता: पाठीमागून जावे, सात टाके घालावेत, परत यावे. तो सशाच्या मागे गुडघ्यांवर बसला आणि त्याने पहिला टाका घातला. दुसऱ्या टाक्याला सशाने उडी मारली, आणि फुगेवाली चिमुरडी किंचाळली.

“आई! हा माणूस सशाला टोचतोय!”

“अहो, लाज नाही वाटत?” तिची आई कडाडली. “एवढे मोठे झालात, आणि मुक्या प्राण्याला सुई?”

“बाई, मी शिंपी आहे.”

“म्हणून काय झालं? तो काय कुर्ता आहे?”

ससा हा ससाच राहिला पाहिजे, हे मॅनेजरचे वाक्य शिंप्यास आठवले. मुलांसमोर खरे बोलावे तर सशाच्या आत मनुष्य निघतो. न बोलावे तर आपण राक्षस ठरतो. त्याने निमूटपणे राक्षस होणे पत्करले. सुई कॉलरला टोचून तो सशाच्या पाठीला छाती लावून उभा राहिला, जेणेकरून भोक झाकले जाईल. काकू डाव्या अंगाला पदर पसरून उभ्या राहिल्या.

दोन मुले हाताशी धरलेले एक गृहस्थ त्यांच्या मागे येऊन थांबले. “सशाबरोबर फोटोची रांग हीच का?”

“नाही,” शिंपी म्हणाला.

“मग तुम्ही का उभे?”

शिंप्याने भोकावरची छाती आणखी दाबली. “...हो, हीच.”

मनुष्याचे पाऊल एकदा असत्याच्या वाटेवर पडले की मागे येणाऱ्यांची वाण पडत नाही. गृहस्थांच्या मागे एक आजोबा उभे राहिले, आजोबांमागे त्यांचे अख्खे कुटुंब, कुटुंबामागे शेजारी. पाच मिनिटांत चाळीस माणसे झाली. इकडे सशाला पाठीवर वारा लागू लागला होता. बिचाऱ्याला ऐकू येत नव्हते, परंतु वारा समजत होता. काय झाले ते उमगून, सोंगांच्या खोलीकडे परतण्यासाठी तो हळूहळू चालू लागला. त्याला चिकटून शिंपी चालला. काकू चालल्या. आणि रांगेत लागलेला आपला नंबर कोणीही सोडीत नसल्यामुळे चाळीस माणसेही चालू लागली.

उद्यानातील खरी गर्दी आकाशपाळण्यापाशी होती. तेथे तीनशे माणसे तासभर जागच्या जागी उभी होती, कारण पाळणा फिरत कमी होता आणि तपासला जास्त जात होता. सुरक्षा जमादार दोर ताणून आणि शिट्टी फुंकून घायकुतीला आला होता. अशा त्या थिजलेल्या रांगेच्या डोळ्यांदेखत दुसरी एक रांग डौलाने निघाली होती.

“अहो, ती रांग बघा. सरकतेय!”

“कशाची आहे?”

“कशाची का असेना. सरकतेय ना!”

पाहता पाहता आकाशपाळण्याची रांग मागून विरघळू लागली. जमादार धावत आला आणि शिंप्यापुढे आडवा झाला.

“ओ काका! रांग अशी चालवायची नसते. रांग उभी असते!”

“मी नाही चालवत. ससा चालवतोय.”

“मग त्याला थांबवा.”

“त्याला ऐकू येत नाही.”

“एवढे मोठे कान, आणि ऐकू येत नाही?”

जमादाराने मग रांगेच्या मध्यावर जाऊन चौकशी केली. “तुम्ही कुठे चाललात?”

“पुढे,” एक बाई ठामपणे म्हणाल्या.

सोंगांच्या खोलीचे दार आले तेव्हा सशाने मुंडके वळवून मागे पाहिले, आणि मुंडक्याच्या जाळीतून त्याला दोनशे माणसे दिसली. आत शिरावे तर दोनशे माणसे आत येणार. तो दारावरून पुढे गेला. भूतबंगल्याला वळसा पडला. भूतबंगल्यातले भूत, गिऱ्हाईक नसल्यामुळे, तेही बाहेर येऊन रांगेत लागले. मागची मुले पुढच्यांच्या कमरेला धरून आगगाडीचा आवाज काढू लागली. प्रत्येक पावलागणिक शिंप्याच्या छातीला शिवणीचा एकेक टाका सुटताना कळत होता. वीतभराची दीड वीत झाली होती.

“अहो, घाम किती आलाय तुम्हाला,” काकू चालता चालता म्हणाल्या.

“अकरा प्राणी गेले,” शिंपी पुटपुटला. “तुझ्या त्या घासांपायी अकरा प्राणी गेले.”

“हो का! कापड वाचवायला शिवणीत बोटभरसुद्धा जास्तीचं ठेवलं नाहीत, ते कोणी?”

ते खरे होते. थोड्या वेळाने काकूंनी पदराचे दुसरे टोक त्याच्या कपाळावर टेकविले. पहिले टोक सशाच्या पाठीवरच होते.

पूर्ण उद्यानाला फेरी घालून ससा पुन्हा कारंज्याकडे आला. तेथे त्याची वाट एका आजीबाईंनी अडविली. त्या रांगेच्या अगदी शेवटी उभ्या होत्या.

“मागे उभा राहा बाबा,” आजीबाई सशाला म्हणाल्या. “मधे घुसायचं नाही. सगळे रांगेनं आलेत.”

“आजी, त्याचीच रांग आहे,” शिंपी कळवळून म्हणाला.

“असू दे. स्वतःची असली म्हणून काय झालं?”

अशा रीतीने ससा स्वतःच्याच रांगेच्या शेवटी उभा राहिला. रांगेचे कडे झाले. तिला आरंभ उरला नाही आणि अंतही उरला नाही. जमादार शिट्टी तोंडात धरून गोल गोल पाहत राहिला. ती फुंकावी कोणाकडे तोंड करून, हे त्याला ठरविता येईना. आणि नेमक्या त्याच क्षणी, बाराला पाच मिनिटे असताना, मालकीणबाई आल्या.

त्या वयस्कर, ठेंगण्या आणि सुती कपड्यांतल्या होत्या. त्यांच्या मागे मॅनेजर पांढराफटक पडून चालला होता.

“आकाशपाळण्यापाशी चेंगराचेंगरी होईल, अशी भीती तुम्ही मला सांगितली होती,” मालकीणबाई म्हणाल्या. “तिथे तर वीस माणसं आहेत. बाकीची सगळी इथे, आणि कोणी ढकलाढकल करत नाही. ही व्यवस्था कोणाची?”

मॅनेजरने कड्याकडे पाहिले, भुताकडे पाहिले, शिंप्याकडे पाहिले. “आमचीच, बाई. नवीन योजना आहे.”

“छान. आणि हाच का तो ससा?”

त्यांनी हात पुढे केला. सशाने तो हातात घेतला. येथवर ठीक होते. परंतु वडीलधाऱ्या माणसापुढे वाकण्याचे वळण बहिणीने भावास लहानपणीच लाविले होते, आणि वळण हे सशाच्या कातड्याखालीही जात नाही.

“नको!” शिंपी ओरडला.

ससा वाकला. मानेपासून शेपटीपर्यंत उरलेली सगळी शिवण एकाच दमात गेली. कड्यातल्या तीनशे माणसांनी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पायजमा पाहिला. शिंप्याने डोळे मिटून घेतले.

मग फुगेवाली चिमुरडी टाळी पिटून ओरडली, “आई! सशाच्या आत झेब्रा आहे!”

हशा असा उसळला की भुताला खाली बसावे लागले. मालकीणबाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले, चष्मा घातला, पुन्हा पायजम्याकडे पाहिले आणि पुन्हा चष्मा काढला.

“कोणी शिवलंय हे?”

“मी,” शिंपी म्हणाला. “बाई, माझी चूक झाली. तीस वर्षांत एक शिवण गेली नव्हती...”

“चूक कसली? अहो, प्रत्येक प्राण्याच्या आत दुसरा प्राणी! ससा वाकला की झेब्रा, अस्वल वाकलं की वाघ. अकराही प्राणी तुम्हीच शिवा, आतल्यासकट. आणि शिवण अशीच फाटली पाहिजे, रोज, अकरा वाजता आणि चार वाजता. पहिलं अस्वल तीन दिवसांनी दाखवा मला.”

काकूंनी नवऱ्याचा हात धरला. तो आनंदाने थरथरत होता, असे त्यांना वाटले. खरे पाहता तो ‘अशीच फाटली पाहिजे’ या शब्दांनी थरथरत होता.

दोन दिवस शिंप्याने दुकानात अस्वल शिविले. पाठीची शिवण त्याने मुद्दाम कच्ची घातली. मेहुणा आत शिरून वाकला. काही झाले नाही. शिंप्याने ती उसवून आणखी कच्ची घातली. मेहुणा वाकला, उठला, नाचला, पाय वर करून लोळला. अस्वल अभंग राहिले.

मॅनेजर खुर्चीत बसून घड्याळ पाहत होता. “काका, उद्या बाई बघायला येणार. जरा वाईट शिवा की!”

“शिवतोय हो,” शिंपी रडवेला होऊन म्हणाला. “हाताला येतच नाही. अकरा प्राणी हातात येऊन जाणार आता.”

तेव्हा काजे करीत कोपऱ्यात बसलेल्या काकू उठल्या. लग्न होऊन आल्यापासून काजे, बटणे आणि हेमिंग एवढेच काम त्यांच्याकडे होते. मशीनला त्यांनी वर्षानुवर्षे हात लाविलेला नव्हता.

“सरका,” त्या म्हणाल्या.

“तुला कुठे येतं?”

“नाहीच येत. पहिल्या वर्षी एकदा शिवायला बसले होते, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात ना, की तुझी शिवण शिंक आली तरी सुटेल म्हणून?”

शिंप्याला ते आठवत नव्हते. काकूंना ते तीस वर्षे आठवत होते. तो उठला. काकू मशीनवर बसल्या आणि त्यांनी अस्वलाच्या पाठीवरून एक शिवण घातली, जी कोठे बोटभर उजवीकडे गेली, कोठे दोन बोटे डावीकडे. मेहुणा आत शिरला. वाकण्याच्या नुसत्या विचारानेच अस्वल दुभंगले आणि आतून पट्ट्यांचा वाघ निघाला. मॅनेजर खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवू लागला.

“वा काकू! हीच पाहिजे! अकराही प्राण्यांना अशीच!”

“घालीन की,” काकू दोरा तोडीत म्हणाल्या. “बाकीचा प्राणी सगळा यांनी शिवलाय हो, उगीच नाही म्हणायचं. लोक जे बघायला येतात, तेवढं माझं.”

शिंप्याने त्या वेड्यावाकड्या शिवणीकडे पाहिले. मग तो कोपऱ्यात जाऊन बसला, अर्धवट राहिलेले काज त्याने मांडीवर घेतले, आणि पत्नीकडे न पाहता विचारले, “याचे टाके किती बारीक घालत असतेस तू?”