अकरा चाकू आणि एकच सासर

टिपणीसकाकांकडून चाकू विकत घ्यायचा असेल तर आधी एक फॉर्म भरावा लागे, आणि त्या फॉर्मच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असे: 'वधू-वर माहितीपत्रक'.

ही छापखान्याची चूक नव्हती. काकांचा जन्म कलकत्त्यातलाच. इथल्या मराठी मंडळींच्या मुलामुलींची लग्नं जुळवण्याचं काम त्यांनी पंचवीस-तीस वर्षं हौसेनं केलं. पुढे ती मुलं आपली आपण बंगाली घरांत लग्नं करून मोकळी झाली आणि काकांकडे कोऱ्या फॉर्मांचे तीन गठ्ठे उरले. वाया गेलेली वस्तू काकांना बघवत नाही. त्यांनी 'गोत्र' खोडून तिथे 'डोंगर चढण्याचा अनुभव' लिहिलं, 'अपेक्षा' तशीच ठेवली आणि तो कागद चाकूच्या गिऱ्हाइकांपुढे सरकवायला सुरुवात केली. काही बंगाली पोरं इतकी सरळ, की खोडलेलं गोत्रही भरून देत.

मी बँकेत अधिकारी आहे. आठव्यांदा बदली होऊन सॉल्ट लेकमध्ये आलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावर मी आणि पहिल्यावर काका. त्रेपन्नाव्या वर्षी आठवी बदली झालेल्या माणसाला नवा शेजारी नको असतो. त्याला फक्त चालू लिफ्ट हवी असते. माझ्या वाट्याला लिफ्ट बंद आणि शेजारी चालू, असं आलं. जिना चढताना मी पहिल्या मजल्यावर दम घ्यायला थांबायचो, आणि काका नेमके तेव्हाच दार उघडायचे. ओळख झाली ती माझ्या फुप्फुसांमुळे.

चाकू म्हणजे भाजीचे नव्हेत. रानात, डोंगरात मुक्काम करणारी मंडळी कमरेला लावतात ते. ओलं लाकूड फोडावं, दोर कापावा, तंबूच्या खुंट्या तासाव्यात, असे. हावड्याच्या एका गल्लीत निमाई नावाचा म्हातारा लोहार ट्रकच्या जुन्या कमानींच्या पोलादातून ते हातानं घडवायचा. महिन्याला दोन, फार तर तीन. पात्याला पाणी द्यायचं ते फक्त पहाटे, आणि ते मनासारखं उतरलं नाही तर पातं पुन्हा भट्टीत. देशभरातले ट्रेकर त्या चाकूंसाठी तळमळत; पण निमाईला फोन आवडत नसे आणि अनोळखी माणूस त्याहून नाही. काका उमेदीत हावड्याच्याच एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते, तेव्हापासूनची दोघांची गट्टी. म्हणून निमाईचा सगळा माल काका उचलत आणि दुपटीनं विकत.

"नफा घ्यावा, पेठेसाहेब," ते मला सांगत. "निर्लज्जपणे घ्यावा. हुंडा नाही घेत आपण, देणगी नाही मागत. नफा मागतो."

रविवारी सकाळी दहा ते बारा 'बघण्याचा कार्यक्रम'. गिऱ्हाइकाला आधी पोहे. इथे पोह्यांना चिडे म्हणतात; ते पातळ, शिजवले की लगदा. पण तो लगदा संपवल्याशिवाय चाकू बाहेर येत नसे. मग काका फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेला एक चाकू ताटात घालून आणत, गिऱ्हाइकासमोर ठेवत आणि स्वतः खुर्चीत मुलीच्या बापासारखे बसत.

सेक्टर फाइव्हमधल्या एका कॉम्प्युटरवाल्याला त्यांनी माझ्यासमोर विचारलं, "घेऊन काय करणार?"

"कलेक्शनमध्ये ठेवेन, अंकल."

"म्हणजे काचेच्या कपाटात?"

"हो."

"मुलगी काय शोकेसमध्ये ठेवायला देतात?" हे त्याला कळावं म्हणून हिंदीत, आणि मग मला मराठीत, "नाही जमायचं. पत्रिका परत करा."

त्या बिचाऱ्यानं दाम दुप्पट करून पाहिलं. काकांनी त्याला पोह्यांची दुसरी बशी दिली आणि वाटेला लावलं.

मीही एकदा स्थळ म्हणून गेलो होतो. पुण्याच्या एका सहकाऱ्याला असा चाकू हवा होता. तो काय वाटेल ते मोजायला तयार होता. म्हटलं, शेजाऱ्याच्या भावात घ्यावा आणि पुण्याच्या भावात द्यावा. बँकेत आयुष्य गेलं, पण स्वतःच्या खिशात नफा पडलेला कधी पाहिला नव्हता. मी फॉर्म भरला. 'डोंगर चढण्याचा अनुभव' या रकान्यात बेधडक 'सह्याद्री' लिहिलं.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "सह्याद्रीत कुठे?"

"असंच... बऱ्याच ठिकाणी."

"पेठेसाहेब, तुम्ही पहिल्या मजल्यावर पाणी मागता. स्थळ नापसंत."

माझ्या बायकोनं, मंदानं, हे ऐकलं तेव्हा ती आठवडाभर मला 'नापसंत' म्हणूनच हाक मारत होती.

नापसंतांचं समजू शकतो. पण पसंत पडलेल्यांचे हाल जास्त. बजबज गावची मऊली नावाची एक मुलगी होती. शाळेत शिकवायची, सुट्टीत पोरांना डोंगरात घेऊन जायची. लोकल आणि बस बदलत बदलत यायची. तिचे तळहात बघूनच काका खूश झाले. ओलं लाकूड कसं पेटवशील, विचारलं. तिनं सालीपासून गाभ्यापर्यंत सगळं सांगितलं. मग काका म्हणाले, "उत्तम. पुढच्या रविवारी ये. विचाराधीन आहे." पुढच्या रविवारीही विचाराधीन. चौथ्या रविवारी तिनं हात टेकले, "काकू, आर कोतो दिन?" अजून किती दिवस, म्हणून. बंगालीत काकाला काकू म्हणतात, आणि काकांची या बाबतीत काहीही तक्रार नव्हती. ते म्हणाले, "घाई केली की संसार बिघडतात."

मला ही दिरंगाई बघवेना. आमच्याकडे फाइल एवढी अडली तर वरून पत्र येतं.

तशात निमाईनं भट्टी विझवली. हात थरथरायला लागले, तो मेदिनीपूरला लेकीकडे निघून गेला. काकांच्या कपाटात अकरा चाकू उरले, आणि आता पुढे होणार नाहीत हे कळल्यावर लोक वेडे झाले. फोनवर फोन. भाव चढत गेला आणि काकांची विक्री थांबतच गेली. आता तर ते फॉर्मही दोनदा भरून घेत. रविवारी जिन्यात चपलांचे ढीग, आणि संध्याकाळी कपाटात अकराच्या अकरा.

"अहो, हीच वेळ आहे," मी म्हणालो. "नंतर भाव उतरेल."

"उतरू दे. मुली काय वय वाढलं म्हणून ढकलून द्यायच्या?"

मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर आठ दिवस टॉलीगंजला भाचीकडे राहायचं. घराची किल्ली आणि चाकूंसाठी ठेवलेला जुना मोबाइल त्यांनी माझ्या हातात दिला. "कुणी आलं तर नाव लिहून घ्या. पोहे करू नका, तुम्हाला नाही जमायचे. बाकी काहीही करू नका."

शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं होतं. हे आधीच कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी दिल्लीच्या एका व्यापाऱ्याचा निरोप आला. अकराच्या अकरा, एकरकमी, काकांच्या भावाच्या दीडपट. माझ्या अंगात शाखाधिकारी संचारला. तीस वर्षं मी दुसऱ्यांनी दिलेली टार्गेटं चुकवत आलो होतो. हे एक टार्गेट माझ्या पायाशी येऊन लोळत होतं. काका परत येतील, कपाट रिकामं आणि बँकेत रक्कम भरलेली दिसेल, डोळ्यांच्या औषधाचीही चिंता नको. मी 'हो' कळवून टाकलं.

मंदा म्हणाली, "त्यांना विचारलंत?"

"सरप्राइज आहे."

"तुमच्या सरप्राइजनं आजवर कुणाचं भलं झालंय?"

एवढ्या वर्षांत मला या प्रश्नाचं उत्तर देता आलेलं नाही, म्हणून मी चाकू बांधायला घेतले. फ्लॅनेलचे तुकडे तेवढे काढून घेतले. म्हटलं, काकांना चष्मा पुसायला होतील. कुरियरवाला खोकं घेऊन गेला तेव्हा मला खूप दिवसांनी काहीतरी पूर्ण केल्यासारखं वाटलं. त्या दुपारी मी शांत झोपलोसुद्धा.

काका काळा चष्मा लावून परत आले. मी खाली जाऊन बातमी दिली, दीडपट हा शब्द दोनदा उच्चारला. काकांनी कपाट उघडलं. आत घडी घातलेले अकरा तुकडे.

"सगळे?"

"सगळे!"

"एकाच घरी उजवले?"

"दिल्लीचा मोठा माणूस आहे, काका. पुढे विकेल तो."

"पुढे विकेल," काका म्हणाले. मग त्यांनी कपाटाचं दार हळूच लावलं. "छान केलंत. चांगला नफा झाला. चहा घेणार?"

चहात साखर नव्हती. चष्म्यामुळे डबा दिसला नसेल, अशी मी माझी समजूत घातली. आपल्या समजुती घालण्यात मी फार हुशार आहे.

त्यानंतरच्या रविवारी जिन्यात मऊली भेटली. खाली उतरत होती. "काकू बोललेन, शेष," ती म्हणाली. संपले, म्हणून. रागावली नव्हती, उलट, ऑपरेशन झालंय तर काकांना कडक ऊन लागू देऊ नका, असं मलाच बजावून गेली. त्याच्या पुढच्या रविवारी जिन्यात एकही चप्पल नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही. मी दम घ्यायला पहिल्या मजल्यावर थांबायचो, पण दार उघडत नव्हतं.

शेवटी मी त्या दिल्लीवाल्याला फोन लावला. दहा चाकू गेले होते. अकरावा त्यानं मलाच विकला; काय भावानं, ते मंदाला अजून माहीत नाही आणि हा लेख ती वाचणार नाही अशी आशा आहे. खोकं आलं तसं ते घेऊन मी खाली गेलो.

काकांनी चाकू हातात घेतला, पात्यावरून लांबूनच बोट फिरवल्यासारखं केलं आणि माझ्याकडे परत दिला.

"याचं मी काय करू, पेठेसाहेब? मी जन्मात सुपारीसुद्धा कातरली नाही. रक्त बघितलं की मला घेरी येते. निमाई हसायचा मला."

"मग इतकी वर्षं? अन् एवढं लांबवत का होतात?"

काकांनी चष्मा काढला. डोळा अजून लाल होता. आधी इकडचं तिकडचं बोलले: भाचीकडचा पंखा फार आवाज करतो, डॉक्टर पोरगेलासा आहे. मग टेबलावरचा नसलेला कचरा झाडत म्हणाले, "आमची ही, मालती, गेल्यापासून या घराची बेल दोघंच वाजवत. दूधवाला आणि कचरेवाली. तेही सातच्या आत. नंतरचा दिवस फार मोठा असतो हो. चाकूंमुळे रविवारी दहाला बेल वाजायची. एखाद्याला हो म्हटलं, की तो चाकू घेऊन जायचा. मग तो कशाला परत येतोय?"

मी चाकू खिशात घालायला गेलो, तो मावेना. हातात धरूनच वर आलो. मंदानं विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, जिना.

पुढच्या रविवारी दहाला मी खाली गेलो. जिना उतरायचा असूनही पाय दुखत होते. वारा यावा म्हणून काकांनी दार सताड उघडं ठेवलं होतं आणि ते आत, दाराकडे पाठ करून, वर्तमानपत्र वाचत होते. मी एक पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं होतं. ते मागे घेतलं आणि बेल वाजवली.

"येतो, येतो," काका म्हणाले, आणि धोतराचा सोगा सारखा करत उठले.